एक हात आणि अनेक अवजारें

श्रोतेहो, उन्हाळ्याच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यांतील खेड्यांतून फिरावें, म्हणजे कोठें ना कोठें कोरड्या पडलेल्या तळ्याच्या पोटांत एक पिवळें अवाढव्य यंत्र मान वर-खालीं करीत असलेलें दिसतें, आणि पाळीवर पोराटोरांचा व म्हाताऱ्यांचा एक मेळा तें पाहत उभा असतो. यंत्राची खोदाई पाहण्याची ही आवड आपल्याकडे इतकी सार्वत्रिक आहे कीं, २०१९ सालीं तिची थट्टा साऱ्या देशभर झाली. मला मात्र या मेळ्यांतील मंडळींचें हसूं येत नाहीं. माणूस ज्या कामाकडे इतका तल्लीन होऊन पाहतो, त्यांत त्याला आपल्या ओळखीचें कांहींतरी दिसत असलें पाहिजे.

ओळखीचा आहे तो यंत्राचा हात. त्याला खांदा आहे, कोपर आहे आणि मनगटहि आहे. चालक ज्याला बूम म्हणतो तो दंड, आर्म म्हणतो तो कोपरापुढील भाग, आणि मनगटाच्या ठिकाणीं दोन जाड पोलादी पिनांनीं अडकविलेली बकेट. परंतु माणसाच्या मनगटापुढें जो पंजा असतो, तो या यंत्राला नाहीं. माणूस कुदळ खालीं ठेवून फावडें उचलतो, फावडें टाकून घमेलें धरतो, आणि हा बदल आपण केला याची त्याला जाणीवहि नसते. यंत्राच्या मनगटाला जें अवजार एकदां अडकविलें, तेंच त्याचा पंजा होऊन बसतें. तें झटकन सोडावें, दुसरें धरावें, आणि लागतील तीं सारीं अवजारें आपल्याबरोबर वागवावीं, ही विद्या यंत्राला शिकविण्यांत माणसाचीं शंभराच्या आसपास वर्षें खर्चीं पडलीं. त्या विद्येचा इतिहास, आणि आपल्या जिल्ह्यांतील तळ्यांशीं तिचा पडणारा संबंध, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हां या तळ्यांची वांटणी झाली. परंतु तीं बांधणारे हात एकच होते. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानें या मुलुखांत हजारों तळीं व बोड्या बांधल्या. जो तळें बांधील त्याला त्या पाण्याखालीं भिजणारी जमीन मिळावी, अशी त्या राजांची नीति होती, असें परंपरा सांगते. नवेगांवचा प्रसिद्ध बांध कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला असें सांगितलें जातें. दोन टेकड्यांमधील नेमकी जागा हेरावयाची, तेथें मातीची लांब पाळ घालावयाची, एका बाजूला जादा पाण्यासाठीं सांडवा ठेवावयाचा, आणि पाटानें पाणी धानाच्या बांध्यांना न्यावयाचें, ही त्यांची सर्व स्थापत्यविद्या. ती कोणत्याहि पुस्तकांत लिहिलेली नव्हती. ती हातांत होती.

हातांत होती म्हणजे काय, हें थोडें उकलून पाहूं. खोदणें हें क्रियापद एक असलें, तरी जमीन एक नाहीं. वरची काळी माती फावड्यानें निघते. तिच्या खालीं मुरूम लागला कीं फावड्याचें पातें वळतें. तेथें कुदळ किंवा टिकास पाहिजे. मुरुमाच्या खालीं खडक आला कीं कुदळीचें टोंक बोथटतें. तेथें आमच्याकडे जिला सब्बल म्हणतात ती पहार, घण आणि छिणी यांचें काम. निघालेली माती टोपल्यांनीं पाळीवर न्यावयाची. तेथें ती पसरावयाची, शिंपावयाची आणि धुमसानें ठोकावयाची. एकाच खड्ड्यांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत पांच-सहा अवजारें बदलत. कोठल्या थराला कोठलें अवजार, हें हाताला लागणाऱ्या धक्क्यावरून व कानावर येणाऱ्या आवाजावरून कळे. मऊ मातींत कुदळीचा घाव मुका पडतो, मुरुमांत तो खरखरतो आणि खडकावर तो वाजतो. हा आवाज ऐकून अवजार बदलणें, हेंच त्या कामांतलें कौशल्य.

हें कौशल्य आपल्या समाजांत इतकें मुरलेलें होतें कीं, कामावरून माणसांचीं कुळें ओळखलीं जात. महाराष्ट्रांत सर्वत्र आढळणाऱ्या वडार समाजांत दगड फोडून गाडीवरून वाहून नेणारे ते गाडी वडार, मातीचें काम करणारे ते माती वडार, आणि जातीं-पाटे घडविणारे ते पाथरवट. गाडी वडारांची गाडी हें त्यांचें घरहि होतें आणि अवजारांचें कोठारहि होतें. सब्बल, घण व छिण्या तिच्यांत घालून हे लोक एका कामावरून दुसऱ्या कामावर जात. ही गाडी श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती आपल्याला एका फार दूरच्या देशांत पुन्हां भेटणार आहे.

अवजार बदलण्याच्या या कलेचें अगदीं सूक्ष्म रूप पाहावयाचें असेल, तर तेंहि आपल्याच जिल्ह्यांत पाहावयास मिळालें आहे. वैनगंगेच्या कांठीं पवनी येथें १९६९-७० मध्यें नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं उत्खनन केलें, आणि जगन्नाथ टेकडीच्या पोटांतून एक प्राचीन बौद्ध स्तूप उजेडांत आला. पुरातत्त्वाच्या खोदकामांत वरचा भराव कुदळीनें निघतो, विटांची ओळ लागली कीं कुदळ बाजूला ठेवून लहान करणी हातांत येते, आणि कोरींव दगड दिसला कीं करणीहि ठेवून कुंचला घ्यावा लागतो. या क्रमांत घाई झाली, तर दोन हजार वर्षें टिकलेली वस्तु एका घावानें जाते. चुकीचें अवजार केवळ वेळ खात नाहीं. जें पुन्हां घडवितां येत नाहीं तें तें नाहींसें करतें. ही गोष्ट तळ्यांच्या बाबतींतहि खरी आहे. तिच्याकडे आपण शेवटीं येणारच आहों.

आतां यंत्राकडे वळूं. अमेरिकेंत आगगाडीचे रस्ते झपाट्यानें वाढूं लागले, आणि खोदणारे हात मिळेनासे झाले. तेव्हां विल्यम ओटिस या तरुणानें वाफेवर चालणारें एक फावडें तयार केलें व १८३९ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. त्याच वर्षीं, तिशीहि गांठण्यापूर्वीं, तो वारला. पण त्याची कल्पना जगली. पनामाच्या कालव्यावर अमेरिकनांनीं १९०४ ते १९१४ या दहा वर्षांत जें प्रचंड खोदकाम केलें, तें मुख्यतः अशा वाफेच्या फावड्यांच्या बळावर. आपल्याकडे मात्र त्या काळीं मजुरी इतकी स्वस्त होती कीं, यंत्राची गरज कोणास भासली नाहीं. १८५६ ते १८६३ या वर्षांत बोरघाटांतून लोहमार्ग काढतांना ऐन भरांत चाळीस हजारांहून अधिक मजूर कामावर होते. कुदळ, सब्बल, सुरुंगाची दारू आणि डोक्यावरची टोपली एवढ्यांवर सह्याद्रि फोडला गेला, आणि त्यांतील कित्येक मजूर रोगराईला व अपघातांना बळी पडले.

वाफेच्या फावड्याजवळ शेकडों माणसांचें बळ होतें, पण त्याला एकच काम येई. पुढें बकेट खुपसावयाची, वर उचलावयाची आणि बाजूला ओतावयाची. ज्या ठिकाणीं महिनोन् महिने एकाच जातीची माती काढावयाची, तेथें तें शोभे. परंतु लहान कंत्राटदारापुढें आज पाया, उद्यां चर, परवां विहिरींतील गाळ आणि तेरवां तुळई चढविणें, अशीं नाना कामें असत. प्रत्येक कामास वेगळें यंत्र घेण्याची ऐपत कोणाची? त्यामुळें विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत तारदोरांवर चालणारीं सर्वोपयोगी यंत्रें निघालीं. इंग्लंडांत १९३० मध्यें स्थापन झालेली रस्टन-ब्युसायरस ही कंपनी अशा यंत्रांसाठीं प्रसिद्ध होती. एकाच गाड्यावर फावडें, उलटें फावडें, दूर फेंकून ओढून आणावयाचें ड्रॅगलाइन, दोन जबड्यांचें ग्रॅब, किंवा ओझें उचलण्याची यारी, यांतील हवें तें बसवितां येई. मात्र हा बदल करावयाचा तर समोरचा सारा सांगाडा उतरावा लागे, तारदोर नव्यानें ओंवावे लागत, आणि त्यांत कित्येक तास जात. अवजार बदलतां येई खरें. परंतु खोदतां खोदतां नव्हे.

ही अडचण दूर होण्याचा मार्ग तेलानें दाखविला. बंद नळींतील तेलावर एका टोंकास दाब दिला, तर तो दाब जसाच्या तसा दुसऱ्या टोंकास पोंचतो, हा पास्कलचा नियम आम्ही शाळेंत शिकवीत असूं. या नियमावर चालणारा यंत्राचा हात दुसऱ्या महायुद्धानंतर आकारास आला. इटलींत ट्यूरिन येथील ब्रुनेरी बंधूंनीं १९४८ च्या सुमारास असें एक यंत्र बनविलें. फ्रान्समध्यें जॉर्ज बाताय यांनीं १९२७ मध्यें शेतीच्या अवजारांसाठीं काढलेल्या पोक्लेन नांवाच्या कारखान्यानें १९५१ मध्यें आपलें पहिलें तेलदाबाचें खननयंत्र विकावयास आणलें. भारतांत लार्सन अँड टूब्रो कंपनीनें पोक्लेनच्या सहकार्यानें हीं यंत्रें बनविलीं, आणि त्यांची ओळख इतकी खोल रुजली कीं, कोणत्याहि कंपनीचें सांखळपट्ट्यावरचें खननयंत्र आपल्या मराठींत 'पोकलेन'च झालें. पुढें ती फ्रेंच कंपनी अमेरिकन हातांत गेली आणि त्या नांवाचीं खननयंत्रें बाजारांतून नाहींशीं झालीं. मराठी खेड्यांत मात्र तें नांव जिवंत आहे.

दुसरें नांव जेसीबी. इंग्लंडांतील जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांच्या नांवाचीं हीं आद्याक्षरें. त्यांनीं १९५३ मध्यें असें यंत्र काढलें कीं, ज्याच्या पुढल्या अंगाला माती ढकलून भरण्याचें रुंद खोरें, आणि मागल्या अंगाला चर खणण्याचा हात. १९७९ मध्यें त्यांचा भारतांतील कारखाना हरियाणांत बल्लभगड येथें, एस्कॉर्ट्स कंपनीच्या भागीदारींत, सुरू झाला. आपल्याकडे हेंच यंत्र घरोघर माहीत झालें, त्याचें कारण मला तरी या दुहेरी रचनेंत दिसतें. चालकानें बैठक फिरविली कीं दुसरें अवजार हातीं येतें. हें यंत्र म्हणजे दोन अवजारें खांद्यावर घेऊन गांवोगांव फिरणारा गडीच होय. नालीचें काम, पायाचें काम, ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत माती भरण्याचें काम, सारें एकाच फेरींत आटोपतें.

परंतु दोन अवजारांनीं भागत नाहीं. खडक लागला म्हणजे बकेटीचे दांत घासत बसतात. तेथें ब्रेकर पाहिजे. यंत्राच्या हाताला बसणारा हा तेलदाबाचा घण जर्मनींतील क्रुप कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत प्रचारांत आणला. आतां बकेट काढून ब्रेकर बसवावयाचा म्हणजे काय करावें लागे तें ऐका. चालकानें बकेट जमिनीवर टेंकवावयाची. मदतनिसानें खालीं उतरून दोन पिनांच्या खिट्ट्या काढावयाच्या. चिखलानें घट्ट बसलेल्या, मनगटाएवढ्या जाड पिना घणानें ठोकून बाहेर काढावयाच्या. मग चालकानें हात उचलून ब्रेकरच्या भोंकांशीं आपलीं भोंकें जुळवावयाचीं, आणि मदतनिसानें डोळा लावून "थोडें वर, थोडें खालीं" असें ओरडत पिन पुन्हां ठोकावयाची. वीस टनांच्या यंत्राची बकेट पाऊण टनाच्या आसपास आणि ब्रेकर तिच्या दुपटीचा. जुळवाजुळवींत बोट सांपडलें तर तें गेलेंच. अर्धा तास, कधीं तास. म्हणून चालक काय करी? अवजार बदलण्याऐवजीं हातांत असलेल्या अवजारानेंच रेटून नेई. सपाट बकेटीचें काम दातेरी बकेटीनें, ब्रेकरचें काम बकेट आपटून. काम होई, पण वाईट होई आणि यंत्रहि झिजे.

या अडचणीवर तोडगा म्हणून हात आणि बकेट यांच्यामध्यें एक जोड आला. त्याला कप्लर म्हणतात. त्याची रचना आपल्या घरच्या सांडशीसारखी समजा. त्याचा पुढचा आंकडा बकेटीच्या पहिल्या पिनेला अडकतो. चालक मनगट वळवितो, तेव्हां दुसरी पिन जोडाच्या खोबणींत येऊन बसते. मग तेलाच्या दाबानें एक खीळ सरकते आणि दोन्ही पिना पक्क्या धरल्या जातात. अर्ध्या तासाचें काम मिनिटभरांत, आणि चालक आपल्या बैठकीवरून उठतहि नाहीं.

ही कला सर्वांत पुढें नेली ती स्वीडन देशानें. तेथें माणसें थोडीं, मजुरी महाग, हिवाळा लांब आणि कामें लहान लहान. एका माणसानेंच नळ टाकावयाचा, केबल पुरावयाची, फरसबंदी करावयाची आणि बर्फहि लोटावयाचें. १९८० नंतरच्या दशकांत तेथें टिल्टरोटेटर नांवाचें मनगट निघालें. त्यामुळें बकेट दोन्ही बाजूंस कलते आणि वर्तुळाकार फिरतेहि, अगदीं आपल्या मनगटासारखी. तरी एक अडचण उरली होती. ब्रेकरसारख्या अवजाराला तेलाच्या नळ्या लागतात, आणि त्या चालकाला खालीं उतरून हातानेंच जोडाव्या लागत. तेल सांडे, धूळ आंत जाई. १९९० नंतर स्वीडनमधील हुडिक्सवाल येथील ऑइलक्विक कंपनीचा जोड बाजारांत आला. अवजार अडकतें त्याच क्षणीं तेलाच्या नळ्याहि आपोआप जुळतात, अशी त्याची योजना आहे. आतां अवजारें बरोबर वागवावयाचा प्रश्न. स्वीडनमधील चाकांचीं खननयंत्रें आपल्यामागें एक लहान गाडी ओढीत नेतात. तिच्यांत निरनिराळ्या बकेटी, कांटे, झाडू आणि दाबणी मांडून ठेवलेल्या असतात. कामावर पोंचलें कीं यंत्र मागें वळतें, गाडींतून हवें तें अवजार उचलतें आणि कामाला लागतें. श्रोतेहो, मघांशी सांगितलेली गाडी वडारांची गाडी ती हीच. फिरून फिरून यंत्रहि तेथेंच आलें, जेथें आमचा गडी शेंकडों वर्षांपूर्वीं उभा होता.

या सोयीची किंमत नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. जोडामुळें हाताच्या टोंकाशीं वजन वाढतें आणि बकेट मनगटापासून थोडी दूर जाते; त्यामुळें उकरण्याचा जोर तितका कमी होतो. ही किंमत पैशांत मोजतां येते. दुसरी किंमत अधिक भयंकर आहे. पुढचा आंकडा अडकला, पण मागची खीळ नीट बसली नाहीं, तर बकेट लोंबत राहते आणि एखाद्या वळणावर निसटून खालीं पडते. जुन्या जोडांत हें टाळण्यासाठीं एक सुरक्षा-पिन हातानें घालावी लागे. ती घालण्यास बैठकीवरून उतरावें लागतें, म्हणून घाईंत ती राहून जाई. ब्रिटन व आयर्लंडमध्यें अशा प्रकारें सुटलेल्या बकेटीखालीं सांपडून माणसें मेलीं. त्यानंतर नियम कडक झाले, आणि २०१६ मध्यें आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनें या जोडांच्या सुरक्षिततेसाठीं १३०३१ क्रमांकाचें स्वतंत्र मानक प्रसिद्ध केलें. त्यांतील तांत्रिक भाग तज्ज्ञांसाठीं सोडला, तरी एक साधा नियम पाळीवर उभ्या असणाऱ्या प्रत्येकानें लक्षांत ठेवावा. अवजार बदललें कीं चालकानें तें जमिनीवर दाबून व हलवून पाहावें, आणि लोंबत्या बकेटीखालीं कोणीहि, कधींहि उभें राहूं नये. हातांतली कुदळ निसटली तर आपलाच पाय दुखावतो. यंत्राच्या हातांतली निसटली तर दुसऱ्याचा जीव जातो.

आतां आपल्या जिल्ह्याकडे परत येऊं. यंत्राच्या मोठ्या कामांचा आपल्याला अनुभव नाहीं असें नाहीं. तुमसर तालुक्यांत डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजची उघडी खाण आहे. पवनी तालुक्यांत वैनगंगेवर गोसेखुर्दचें धरण उभें आहे. २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें त्याची पायाभरणी झाली, २००९ मध्यें तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि सुमारें ११ किलोमीटर लांबीच्या त्या बांधाला ३३ दरवाजे आहेत. अशा कामांवर यंत्रांची फौज असते. खोदणारें एक, फोडणारें दुसरें, दाबणारें तिसरें. तेथें एका यंत्रानें अवजारें बदलण्याची निकड कमी. खेड्यांतील तळ्यावर मात्र एकच यंत्र येतें, तें तासाच्या भाड्यानें येतें, आणि बहुधा एकाच बकेटीनिशीं येतें. बकेटीचा दर वेगळा आणि ब्रेकरचा वेगळा. कप्लर आणि चार अवजारें बाळगणें हें लहान मालकाला परवडत नाहीं. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. घेणारा जें मागतो तेंच तो आणतो.

आणि येथेंच खरी गोम आहे. १९५१ मध्यें मालगुजारी संपली आणि तळीं सरकारजमा झालीं. ज्या गांवकऱ्यांच्या हातीं दर उन्हाळ्यांत गाळ काढून शेतांत टाकण्याची वहिवाट होती, त्यांच्या हातून ती हळूहळू सुटली, आणि तळीं गाळानें भरूं लागलीं. १९७७ च्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्यानें व पुढें २००५ च्या केंद्रीय कायद्यानें अशा कामांवर पुन्हां माणसांचे हात आणले. मजुरांचें काम हिरावणारीं यंत्रें शक्य तोंवर वापरूं नयेत असा दंडकहि केंद्रीय कायद्याच्या योजनेंत होता. २०१७ मध्यें महाराष्ट्र शासनानें गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना काढली, आणि यंत्रांनीं गाळ काढून तो शेतकऱ्यांनीं न्यावा असें ठरलें. दोन्ही गोष्टींना आपापलें कारण आहे. उपाशी हाताला काम पाहिजे हें खरें, आणि पावसाच्या आधींच्या थोड्या आठवड्यांत सारा गाळ माणसांच्या बळावर निघत नाहीं हेंहि खरें. तेव्हां यंत्र येणारच. प्रश्न इतकाच कीं, तें कोणतें अवजार घेऊन येणार, आणि कोणाच्या सांगण्यावरून तें चालविणार.

तळ्याचा गाळ म्हणजे नुसती घाण नव्हे. वरचा मऊ थर शेताचें सोनें आहे. त्याच्या खालचा चिकण मातीचा थर तळ्याचें पाणी धरून ठेवतो. सपाट ओठाची रुंद बकेट वरचा थर लोण्यासारखा सोलून काढते. दातेरी बकेट खालच्या थरांत घुसते आणि तो फाडते. मग तळें खोल दिसतें, पण पाणी झिरपून जातें. कांठाचा हलका उतार जाऊन तेथें उभा कडा झाला, तर गुरांना पाण्याशीं उतरतां येत नाहीं, आणि उथळ पाण्यांतील ज्या वनस्पतींत मासळी वाढते त्याहि जातात. अर्जुनी-मोरगांव भागांत भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळानें ढीवर बंधुभगिनींच्या साहाय्यानें बेशरमाचें रान काढून तळ्यांत देशी पाणवनस्पति पुन्हां लावल्या. हें काम बव्हंशीं हातांनीं व नांगरानें करावें लागलें, कारण त्याला जो हलकेपणा लागतो तो वीस टनांच्या यंत्रांत नाहीं. पाळीच्या पायथ्याशीं ब्रेकर चालविणें हें तर जुन्या घराच्या भिंतीला खेटून घण मारण्यासारखें आहे.

म्हणून माझी गांवोगांवच्या मंडळींना, आणि शहरांत राहून गांवच्या तळ्याची आठवण ठेवणाऱ्या कुटुंबांना, एक विनंति आहे. तळ्यावर यंत्र ठरविण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. गाळ काढण्यासाठीं सपाट बकेट मिळेल काय? ती नसेल, तर दातेरी यंत्र कोणत्या खोलीवर थांबवावयाचें, याची खूण कोणीं ठरविली आहे? आणि ती खूण राखण्यास दिवसभर पाळीवर कोण उभें राहणार? जुने मातीकाम करणारे खड्ड्यांत मधोमध मातीचा एक खुंट न खणतां ठेवीत. किती खोल गेलें तें त्यावरून मोजलें जाई. तसे चार खुंट तळ्यांत ठेवण्यास कांहीं खर्च येत नाहीं. पैसे घनमापावर मोजावयाचे असले, तर हे खुंट अधिकच अगत्याचे. कारण मापावर पैसे मिळूं लागले कीं खोल जाण्याचा मोह कोणालाहि होतो. ज्या गांवांत अजून पाणकर आहे, पाण्याची वांटणी ज्याच्या हातीं आहे आणि तळ्याचा तळ ज्याला ठाऊक आहे, त्याला यंत्राच्या चालकाशेजारीं उभें करावें. चालकाला आपल्या बैठकीवरून बकेटीखालचा आवाज ऐकूं येत नाहीं. इंजिनाच्या गडगडाटांत तो बुडून जातो. तो आवाज ओळखणारा माणूस बाहेर उभा असला पाहिजे.

यंत्राला खांदा मिळाला, कोपर मिळालें, मनगट मिळालें, आणि आतां अवजार बदलणारी पकडहि मिळाली. अवजारांची गाडीहि तें आपल्यामागें ओढूं लागलें. परंतु माती बदलली, आतां कुदळ ठेव आणि फावडें घे, हें सांगणारें मन त्या हाताच्या मागें माणसालाच उभें करावें लागतें. आपल्या पूर्वजांनीं तीं तळीं बांधलीं तेव्हां हात आणि मन एकाच माणसाजवळ होतें. आज तीं दोन निरनिराळ्या ठिकाणीं गेलीं आहेत, आणि त्यांची भेट पाळीवर घडवून आणणें एवढें काम आपल्या पिढीकडे आलें आहे. तें आपण केलें, तर पुढच्या पावसाळ्यांत तळ्यांत पाणी दिसेल, आणि त्या पाण्यावर धान दिसेल.